अर्धी कवळी

चणे आणि दांत यांचें वैर आपल्या भाषेनें एका म्हणींत कायमचें नोंदवून ठेविलें आहे. तरुणपणीं मी त्या म्हणीच्या पहिल्या अर्ध्या भागांत राहत होतों. दांत होते, चणे नव्हते. पुढें नोकरी कायम झाली, घराचें कर्ज फिटलें, मुलगी शिकून मिळवती झाली, आणि आतां चार चणे निवांतपणें खावेत असें मनांत येतें न येतें तोंच माझ्या दाढा एकामागून एक रजेवर जाऊं लागल्या. रजेच्या अर्जावर परत येण्याची तारीख मात्र एकीनेंही लिहिली नव्हती. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षीं हिशोब केला तेव्हां खालच्या जबड्याच्या दोन्ही बाजूंच्या मागच्या दाढा पार नाहींशा झालेल्या होत्या. आणि वरच्या ओळींतला समोरचा एक दांत, जो पाहुण्यांच्या स्वागताला सर्वांआधीं पुढें होत असे तो, गेल्या पावसाळ्यांत एका भाजलेल्या कणसाच्या कामीं आला होता.

दाढा गेल्या तेव्हां मी कोणाला कांहीं बोललों नाहीं, कारण त्या कोणाला दिसत नव्हत्या. समोरचा दांत गेला तेव्हां मात्र कॉलेजांत जाणें कठीण झालें. माझा विषय इंग्रजी. आणि त्यांतही गेलीं वीस-बावीस वर्षें बी. ए. च्या विद्यार्थ्यांना ध्वनिविचार शिकविण्याचें काम माझ्याकडे आहे. फळ्यावर माणसाच्या डोक्याचा उभा छेद काढावयाचा, त्यांत जीभ, टाळू, दांत, ओंठ दाखवावयाचे, आणि इंग्रजींतला अमुक ध्वनि जिभेचें टोंक वरच्या दांतांना लावलें असतां कसा निघतो हें स्वतः करून दाखवावयाचें. ज्या दांताला जीभ लावावयाची तोच जागेवर नसला म्हणजे त्या शास्त्राची काय दशा होते तें वाचकांनींच कल्पनेनें पाहावें. माझा 'फ' वाऱ्यावर जाऊं लागला. 'स' मधून शीळ ऐकूं येऊं लागली. आपल्या पूर्वजांनीं वर्णमाला कंठापासून ओंठांपर्यंत उच्चारस्थानांच्या क्रमानें लावून दिली आणि तींत दांतांना एक स्वतंत्र वर्ग दिला. शिवाय आपल्या मराठीनें 'चमचा' आणि 'जहाज' यांतले ते दंततालव्य च-ज निराळेच सांभाळले. एवढी मोठी व्यवस्था एका कणसापायीं मोडकळीस येते, हें मीं पुस्तकांतून शिकविलें असलें तरी मला समजलें नव्हतें. महिनाभर मी तोंडावर हात ठेवून शिकवीत होतों. विद्यार्थ्यांना तें विचारमग्नतेचें लक्षण वाटलें असावें.

कवळीवाल्यांच्या कुळांत मोठमोठीं माणसें होऊन गेलीं आहेत, असें मीं मनाला समजावून पाहिलें. जॉर्ज वॉशिंग्टन १७८९ सालीं अमेरिकेचे पहिले अध्यक्ष म्हणून शपथ घेण्यास उभे राहिले, तेव्हां त्यांच्या तोंडांत स्वतःचा असा एकच दांत उरला होता. त्यांची कवळी लांकडाची होती ही दंतकथाच (हा शब्द येथें अगदीं शोभतो). प्रत्यक्षांत त्यांच्या कवळ्यांत पाणघोड्याचें हस्तिदंत, माणसांचे दांत आणि शिसें असला ऐवज भरलेला असे. १७९३ सालीं दुसऱ्यांदा शपथ घेतांना त्यांनीं जें भाषण केलें तें अवघें १३५ शब्दांचें होतें. त्याहून आंखूड भाषण पुढील एकाही अध्यक्षानें त्या प्रसंगीं केलेलें नाहीं. याचें कारण कवळी होती असें इतिहासकार म्हणत नाहींत, मी म्हणतों.

परंतु खरें सांगावयाचें तर माझें अडलें होतें तें कवळीसाठीं नव्हे, तिच्या मापासाठीं. डॉक्टरांकडे जाण्याचें मी जें चार महिने टाळीत राहिलों त्याचें कारण मीं घरांत कोणाला सांगितलें नाहीं. तें आतां येथें सांगतों.

१९९६ सालीं मी आमच्या अण्णांना कवळीच्या मापासाठीं घेऊन गेलों होतों. अण्णा जिल्हा कोर्टांतून निवृत्त झालेले. रोज पहाटे स्नान करून विष्णुसहस्रनाम मोठ्यानें म्हणणारे. त्यांचा आवाज माजघरांतून निघून शेजारच्यांच्या अंगणांत जात असे, आणि शेजारीण त्यावर आपलें दुधाचें वेळापत्रक लावीत असे. माप घेण्याची तेव्हांची रीत आतांही पुष्कळ ठिकाणीं चालू आहे. घोड्याच्या नालाच्या आकाराच्या एका तबकडींत गुलाबी लगदा कालवून भरावयाचा आणि तो तोंडांत दाबून धरावयाचा. हा लगदा समुद्रांतल्या शेवाळापासून निघणाऱ्या द्रव्याचा असतो. दुसऱ्या महायुद्धांत जपानहून येणारा अगर मिळेनासा झाला तेव्हां त्याच्या जागीं हा जो आला तो पुन्हां गेला नाहीं. दोन-तीन मिनिटांत तो रबरासारखा घट्ट होतो. तेवढा वेळ नाकानें श्वास घेत स्वस्थ बसावयाचें, इतकेंच रोग्याचें काम.

अण्णांना तें साधेना. लगदा घशाकडे उतरूं लागतांच त्यांना उमासे येऊं लागले. डोळ्यांतून पाणी, कपाळावर घाम, आणि घशांतून एक असा आवाज, जो मीं त्यांच्या तोंडून कधीं ऐकला नव्हता. त्यांनीं माझें मनगट घट्ट धरलें. मी त्या वेळीं नुकताच प्राध्यापक झालों होतों. बाहेरच्या बांकावर माझ्याच वर्गांतला एक विद्यार्थी बसला होता, आणि हा आवाज त्याला ऐकूं जात असेल एवढी एकच चिंता मला लागून राहिली होती. मीं मनगट हळूच सोडवून घेतलें आणि दार लोटण्याच्या निमित्तानें बाजूला झालों.

पुढें कवळी आली. अॅक्रिलिकची, गुलाबी, सबंध टाळू झांकणारी, तारेच्या आंकड्यांची. त्या काळीं आमच्या ऐपतींत तीच बसत होती. पंधरा-वीस दिवसांत माझ्या ध्यानांत आलें कीं, सहस्रनाम आतां शेजारच्या अंगणांत जात नाहीं. मग माजघराबाहेरही येईनासें झालें. जेवावयास बसतांना अण्णा भिंतीकडे तोंड करीत, कवळी काढून रुमालांत गुंडाळीत आणि खिशांत ठेवीत. "टोंचतें रे," असें ते एकदां म्हणाले. मीं म्हटलें, "संवय होईल, अण्णा." ते म्हणाले, "होईल हो." त्यानंतर ते त्याविषयीं पुन्हां बोलले नाहींत. २००४ सालीं ते गेले. टाळूला जाड प्लॅस्टिक लागलें म्हणजे जिभेला आपलीं ठिकाणें सांपडत नाहींत, तालव्य आणि मूर्धन्य वर्ण एकमेकांत मिसळतात, हें मी त्याच वर्षांत वर्गामध्यें आकृति काढून शिकवीत होतों.

असो. अखेर पत्नीनें माझ्या नांवानें वेळ ठरवून टाकली आणि मी गेलों. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. खुर्चीवर बसतांच मीं डोळ्यांनीं ती तबकडी शोधूं लागलों. ती कोठेंच नव्हती. बाईंच्या हातांत टूथब्रशाहून जाडशी एक पांढरी दांडी होती आणि तिच्यामागून एक तार संगणकाकडे गेली होती. "लगदा नाहीं?" मीं विचारलें. "आतां प्रकाशानं माप घेतात, सर," त्या म्हणाल्या.

प्रकाशानें माप! ही कल्पना फ्रान्समधील फ्रांस्वा ड्यूरे याची. १९७३ सालीं त्यानें आपल्या प्रबंधांत ती मांडली. पुढें झुरिकच्या विद्यापीठांत मॉरमान आणि ब्रांडेस्टिनी या दोघांनीं यंत्र सिद्ध केलें आणि १९८५ सालीं एका रोग्याच्या दांतांतली पोकळी त्याच्या साह्यानें भरून दाखविली. म्हणजे अण्णा त्या खुर्चींत बसले त्याच्या अकरा वर्षें आधींच ही विद्या जगांत अवतरली होती. फक्त ती आमच्या गांवीं पोंचावयाची होती. यंत्राची क्रिया सांगावयास सोपी आहे. दांडींतून प्रकाश दांतांवर पडतो आणि परततांना दांतांचा उंचसखलपणा बरोबर घेऊन येतो. अशीं शेंकडों चित्रें भराभर घेऊन संगणक तीं एकमेकांना जोडीत जातो. एखादी आजी चिंध्यांची गोधडी शिवते तशी. टांका घालण्याच्या खुणा म्हणजे दांतांचे कंगोरे. जेथें दांत नाहींत, नुसती गुळगुळीत ओली हिरडी आहे, तेथें संगणकाला टांका कोठें घालावा तें कळेनासें होतें. बाईंना दांडी मागें नेऊन पुन्हां पुढें आणावी लागे, लाळ पुसावी लागे, गाल बाजूला धरावा लागे. पांच-सात मिनिटांत पडद्यावर माझा जबडा उभा राहिला. रंगासकट, फिरवून चोहोंकडून पाहतां येईल असा. सत्तावन्न वर्षें ज्याच्या जोरावर पोट भरलें त्याचें दर्शन मीं प्रथमच घेतलें. फारसें प्रेक्षणीय नव्हतें. परंतु उमासा आला नाहीं, डोळ्यांत पाणी आलें नाहीं. निदान त्या कारणानें तरी नाहीं.

मग पडद्यावरच कवळीची आंखणी सुरू झाली. अर्ध्या बोळक्या तोंडांचे चार वर्ग अमेरिकेच्या एडवर्ड केनेडी या दंतवैद्यानें १९२५ सालीं पाडले, ते अजून चालतात. दोन्ही बाजूंच्या मागच्या दाढा गेलेल्या आणि त्यांच्यापलीकडे आधाराला दांत उरलेला नाहीं, असा जबडा पहिल्या वर्गांत येतो. एम. ए. ला माझा पहिला वर्ग तीन गुणांनीं हुकला होता. तो असा उतारवयांत आणि खालच्या जबड्यास मिळाला. बाई पडद्यावर जबडा कलता करून दाखवीत होत्या. दांत मध्यें फुगीर आणि मानेशीं बारीक असतो. कवळीचा आंकडा त्या फुगवट्याच्या खालीं जाऊन बसला पाहिजे, पण किती खालीं? या धातूच्या आंकड्यास सुमारें ०.२५ मिलीमीटर. त्याहून कमी झाला तर कवळी घांसाबरोबर उचलते, जास्त झाला तर काढतांना दांतच हलतो. पूर्वीं हें काम प्लॅस्टरच्या नमुन्यावर एक उभी सळई टेंकवून करीत. आतां पडद्यावर रंगांनीं दाखवितां येतें.

सांगाडा कोबाल्ट आणि क्रोमियम यांच्या मिश्र धातूचा. तो ओतण्याची आजवरची रीत आपल्या ओळखीची आहे. मेणाचा नमुना करावयाचा, त्याभोंवतीं लेप द्यावयाचा, मेण वितळवून काढावयाचें आणि रिकाम्या जागेंत धातु ओतावयाचा. दंतवैद्यकांत ती रीत अमेरिकेच्या टॅगर्टनें १९०७ सालीं रूढ केली. आणि मूर्ति ओतण्यासाठीं तिचेंच वर्णन कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानें बाराव्या शतकांत 'मानसोल्लासां'त करून ठेविलें आहे. माझा सांगाडा मात्र मेणांतून निघाला नाहीं. धातूची पिठासारखी भुकटी अतिशय पातळ थरानें पसरावयाची, लेसरच्या किरणानें हवी तेवढीच वितळवावयाची, तिच्यावर पुन्हां थर. असें करीत तो वाढत गेला. त्यावर गुलाबी हिरडी आणि दांत बसविण्याचें काम अजून कारागिराच्या हातचें आहे, हें ऐकून मला उगाच बरें वाटलें.

दोन आठवड्यांनीं कवळ्या आल्या. वरची लहान, दोन्ही बाजूंस दांतांचा आधार असलेली, टाळूवरून धातूची अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास जाडीची एक पट्टी तेवढी गेलेली. ती 'टक्' असा आवाज करून बसली ती बसलीच. त्याच संध्याकाळीं मीं आरशासमोर सगळे दंत्य वर्ण म्हणून पाहिले. खालचीची गोष्ट निराळी. पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशीं भाकरी खातांना उजवीकडे मागें कांहीं तरी रुतलें, पांचव्या दिवशीं तेथें फोड आला. मी कोणास बोललों नाहीं. एवढें शास्त्र, एवढा प्रकाश, एवढा लेसर. चूक असलीच तर माझ्या हिरडीची असणार. संवय होईल, असें मीं स्वतःस सांगितलें. आठव्या दिवशीं जेवतांना मी कवळी काढून रुमालांत ठेवीत आहें असें माझ्या ध्यानांत आलें, तेव्हां मी ताटावरून उठलों.

बाई रागावल्या. "दुखत होतं तर आठ दिवस आलात कां नाहीं, सर?" मीं संवयीची गोष्ट सांगितली. "संवय नवेपणाची होते, टोंचण्याची होत नाहीं. टोंचलं तर तें आम्हीं घांसून द्यायचं असतं." मग त्यांनीं कारण सांगितलें, आणि चूक आपल्याकडून राहिली हेंही मोकळेपणानें सांगितलें. माझ्या खालच्या कवळीचें पुढचें टोंक दांतांवर टेंकतें आणि मागचें हिरडीवर. दांत हाडांत ज्या पडद्यानें धरला जातो तो सुमारें ०.२ मिलीमीटर जाडीचा. दांत दाबाखालीं हलतो तो त्याच्या आंतच. हिरडी मऊ, ती कितीतरी पट अधिक दबते. प्रकाशानें जें माप घेतलें तें स्वस्थ बसलेल्या, कोणी न दाबलेल्या हिरडीचें. माप चोख होतें. पण घांस चावतांना हिरडी तशी राहतच नाहीं. प्रकाश स्पर्श करीत नाहीं, म्हणून उमासा येत नाहीं. आणि स्पर्श करीत नाहीं, म्हणूनच दाबाखालीं हिरडी कशी वागेल तें त्याला कळत नाहीं. माझ्यासारख्या पहिल्या वर्गाच्या तोंडाला म्हणून एक जास्तीचें माप घ्यावें लागतें. तें सांगाड्याच्या वेळींच घ्यावयाचें, तें राहून गेलें होतें.

म्हणजे अखेर लगदा आलाच! बाईंनीं कवळीची आंतली बाजू थोडी खरवडली, तींत लोण्यासारखा मऊ लगदा भरला, आणि कवळी तोंडांत बसवून फक्त दांतांवरच्या टेंकांवर बोटें ठेविलीं. "जीभ बाहेर काढा. ओंठ पुढं करा. आतां 'ऊ' म्हणा." परीक्षा घेणारा मी, आणि मला कोणी तरी स्वर म्हणावयास लावीत होतें. उमासा एकदां आला. माझा हात आपोआप बाजूला गेला आणि बाईंच्या मदतनीस मुलीचें मनगट त्यांत सांपडलें. तिनें तें सोडवून घेतलें नाहीं. "होत आलं, काका," ती म्हणाली.

चार दिवसांनीं कवळी परत आली. आतां मी तिनें भाकरी खातों, चणेही खातों. जपून, पण खातों.

त्यानंतर एकदां तपासणीसाठीं जातांना मीं अण्णांची कवळी बरोबर नेली. ती त्यांच्या चष्म्याच्या घरांत घालून माझ्या टेबलाच्या खणांत आजवर राहिली होती. कां नेली तें मला नीटसें सांगतां येणार नाहीं. बाईंनीं ती हातांत घेऊन उलटी केली आणि आंतल्या बाजूवरून बोट फिरविलें. मागच्या कडेला बोट थांबलें. "हा बघा." मोहरीएवढा एक गुलाबी गोळा होता. लगद्याच्या ठशांत प्लॅस्टर ओततांना हवेचा बुडबुडा राहिला म्हणजे नमुन्याला खड्डा पडतो, आणि त्या खड्ड्याच्या जागीं कवळीला असा गोळा येतो, असें त्यांनीं सांगितलें. प्लॅस्टरचा नमुनाच नसला म्हणजे हा प्रश्न येत नाहीं. मीं विचारलें, "हा काढायला किती वेळ लागतो?"

"दोन मिनिटं. तेवढीही नाहीं. कोणाची आहे?"

मीं सांगितलें. त्यांच्या हातीं घांसण्याचें यंत्र संवयीनें आलेंच होतें. तें त्यांनीं पुन्हां जागेवर ठेविलें आणि कवळी मला परत दिली.

येतांना रिक्षा केली. संध्याकाळची गर्दी होती. सहस्रनाम मला सबंध येत नाहीं. लहानपणीं कानांवरून गेलेलीं पहिलीं चाळीस-पन्नास नांवें येतात. तीं मीं चष्म्याचें घर मांडीवर ठेवून म्हणून पाहिलीं. त, थ, द, ध सगळे आपापल्या ठिकाणीं होते. मी किती मोठ्यानें म्हणत होतों तें मला कळलें नाहीं. रिक्षावाल्यानें आरशांतून मागें वळून पाहिलें, तेव्हां कळलें.